खापरपणजोबा, मुक्काम लष्कर

माळव्यात ज्यांचे पूर्वज गेले, अशा मराठी घराण्यांत एक कथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते. मूळ पुरुष शिंद्यांच्या पदरी होता, हुद्दा मोठा होता, महाराजांच्या पंक्तीला त्याचे पान मांडले जाई आणि पुढे भाऊबंदांनी घात केल्यामुळे सगळे गेले. कथेत घोडा असतो, तलवार असते, घराणे जरा बोलके असेल तर हत्तीही असतो. मूळ पुरुष साधा कारकून होता, त्याचा पगार थकत असे आणि त्याने आयुष्यात उपसलेले सर्वांत धारदार हत्यार म्हणजे बोरू तासायचा चाकू, अशी कथा मात्र कोणत्याच घरात ऐकायला मिळत नाही. शिंद्यांकडे सगळे सरदारच होते असे धरले तर हिशेब कोण लिहीत होते, हे कोणीच विचारत नाही.

कागद पाहिले तर लिहिणारेच जास्त दिसतात. १७३०च्या आसपास मराठ्यांचा माळव्यात जम बसला. शिंदे, होळकर आणि पवार यांनी मुलूख वाटून घेतला आणि राणोजी शिंद्यांनी उज्जैन हे आपले ठाणे केले. फौजेमागून बाजारबुणगे आले, त्यांच्यामागून फडणीस, मुजुमदार, चिटणीस, पोतनीस आले आणि त्यांच्या हाताखाली कोकणातून, देशावरून, खानदेशातून भाचे-पुतणे आले. १८१० साली दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली तेव्हा निम्मे घर तिकडे गेले, निम्मे क्षिप्रेकाठी राहिले. म्हणून आजही उज्जैनच्या एखाद्या मराठी आजोबांचा चुलतभाऊ ग्वाल्हेरात असतो, आत्या इंदूरला असते, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात असते आणि कुलदैवत कोणते याबद्दल तिघांची तीन मते असतात.

या गुंत्यात हात घालणारा वंशज बहुधा निवृत्त असतो. नोकरीत असेपर्यंत त्याला स्वतःच्या वडिलांची जन्मतारीखही नीट आठवत नाही. पेन्शन सुरू झाली की एकाएकी खापरपणजोबा आठवतात. मग एक फाइल येते, फाइलला प्लास्टिकची पाकिटे येतात, भिंग येते, आणि लग्नकार्यात हा गृहस्थ जवळ येताना दिसला की नातेवाईक जेवणाच्या रांगेत घुसतात. घरच्यांची भूमिका सोपी असते : निदान शेअर बाजारात तरी घालत नाहीत.

त्याच्या शोधाचे गणित एकदा मांडून पाहण्यासारखे आहे. प्रत्येकाला दोन पालक, चार आजी-आजोबा, आठ पणज्या-पणजोबा. अशा दहा पिढ्या मागे गेले की, म्हणजे साधारण राणोजींच्या काळापर्यंत, त्या एका पिढीतच १,०२४ जागा भरतात. त्यांतल्या ५१२ बायका. वंशज शोधत असतो तो या १,०२४ पैकी एकाला, ज्याचे आडनाव त्याला लागले आहे त्याला. उरलेल्या १,०२३ जणांची कोणी साधी चौकशीही करत नाही. त्यांच्यात हत्तीवाला कोणी असेलच तर तोही तिथेच राहतो.

त्या एकालाही नावावरून गाठणे अवघड. मराठी घरात नातवाला आजोबांचे नाव ठेवायची रीत. त्यामुळे वंशावळ बळवंत रामचंद्र, रामचंद्र बळवंत, बळवंत रामचंद्र अशी झोके घेत राहते आणि एखाद्या कागदावर ‘रामचंद्र बळवंत’ सापडला की तो आजोबा की नातू, हे शाईच्या रंगावरून ठरवावे लागते. यात सामान्यांचीच फजिती होते असे मुळीच नाही. पेशवाईतला सर्वांत हुशार समजला गेलेला माणूस घ्या. नाना फडणीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू. त्यांचे वडील जनार्दन बाळाजी. आजोबा बाळाजी महादेव. खुद्द पेशव्यांकडे बाळाजी विश्वनाथांचे बाजीराव बल्लाळ आणि त्यांचे पुन्हा बाळाजी बाजीराव. यांतले हे शेवटचे म्हणजेच नानासाहेब. पुढे १८५७ साली आणखी एक नानासाहेब येतात, ते दत्तक आणि मूळचे धोंडोपंत. शाळेतली मुले इतिहासात नापास होतात याचे नवल वाटू नये.

घरातल्या हाकांनी गोंधळ आणखी वाढतो. ‘हे घर तात्यांनी बांधले’ एवढे सगळ्यांना ठाऊक असते, पण प्रत्येक पिढीत एक तात्या असतोच. नाना, अप्पा, बापू, अण्णा यांचेही तसेच. कागदावर मात्र तात्या सापडत नाही, कारण तात्या सही तात्या अशी करत नव्हते.

आता उज्जैनचेच उदाहरण. महाकालेश्वराच्या आजच्या मंदिराची उभारणी अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात राणोजींच्या दिवाणांनी केली. हे दिवाण म्हणजे रामचंद्र मल्हार सुखटणकर. तेच रामचंद्रबाबा. तेच रामचंद्रबाबा शेणवी. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एकाचे मंदिर बांधणारा माणूस, आणि इतिहासाच्या सूचीत त्याला शोधायचे तर ‘र’, ‘स’ आणि ‘श’ अशी तिन्ही अक्षरे उलटावी लागतात. ज्याने एखाद्या गल्लीत ओटा बांधला त्याच्या पणतूने कोणत्या तोंडाने तक्रार करावी?

आडनाव तर सरळ बदलूनच जाते. उज्जैनच्या माधव कॉलेजात शिकलेले हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध यांचे घराणे मूळचे खानदेशाकडचे कुलकर्णी. पूर्वजांपैकी कोणी अध्यात्मावर ग्रंथ लिहिला आणि त्या ग्रंथावरून घराण्याला मुक्तिबोध नाव पडले, असे सांगतात. एक भाऊ हिंदीत मोठा झाला, दुसरा, शरच्चंद्र मुक्तिबोध, मराठीत. ही झाली भाग्यवंतांची गोष्ट. त्यांच्या वंशजाला निदान शोधायला सोपे आडनाव मिळाले. ज्याचा पूर्वज कुलकर्णीच राहिला त्याचे काय? महाराष्ट्रात गाव तिथे कुलकर्णी होता. कुलकर्ण्यांत आपला कुलकर्णी शोधणे आणि पंढरपुरात आषाढीला विठोबा नावाचा माणूस हाक मारून बोलावणे सारखेच.

त्यावर दत्तकांचा कळस. शिंद्यांच्या घराण्याचाच वृक्ष पाहावा. महादजींना दत्तक आले दौलतराव. दौलतरावांमागे दत्तक आले जनकोजी, ते आधी मुकुटराव होते. जनकोजींमागे १८४३ साली दत्तक आले जयाजीराव, ते आधी भगीरथराव होते. गादी एक, पण दर पिढीला फांदी दुसऱ्या झाडावरून आणून बांधलेली. राजघराण्यात हे सगळे दरबार भरवून, कंपनीच्या रेसिडेंटाच्या साक्षीने झाले, म्हणून आपल्याला कळते. कारकुनाच्या घरी पाच सुपाऱ्या आणि चार भटजी एवढाच दरबार. पुढे शंभर वर्षांनी वंशज छातीठोकपणे सांगतो की आमच्या घराण्यात नाक सगळ्यांचे सारखेच, आणि फाइलच्या सातव्या पाकिटात दत्तकपत्र निघते.

राहण्याचे ठिकाण तरी पक्के असावे, तर तिथे ‘मुक्काम लष्कर’ असे लिहिलेले असते. महादजींच्या काळात लष्कर म्हणजे फौजेचा तळ, आणि तो आज मथुरेला, उद्या दिल्लीला, परवा पुण्याजवळ वानवडीला. दौलतरावांचा तळ इतके दिवस फिरता होता की टॉमस ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ साली त्यातूनच घरी पत्रे लिहिली आणि पुढे त्यांचे पुस्तक झाले. नंतर हा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली बसला तो उठलाच नाही, त्याचे शहर झाले आणि शहराचे नावही लष्करच राहिले. पुण्यातही एक लष्कर आहेच. तेव्हा ‘पत्र लिहिले मुक्काम लष्कर’ एवढ्यावरून खापरपणजोबा तंबूत होते, ग्वाल्हेरच्या वाड्यात होते की पुण्यात, हे सांगता येत नाही. पत्रात पुढे बहुधा पैसे पाठवा एवढेच असते.

एवढे होऊन ज्या घराला कागदच सापडत नाहीत, त्या घराकडे कारण तयार असते. माळव्यातल्या घराचे कारण बहुतेक वेळा १८०१चे. त्या वर्षी जुलैत यशवंतराव होळकरांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला आणि ऑक्टोबरात शिंद्यांकडून सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटून त्याची फेड केली. शिंद्यांच्या माणसांचे कागद होळकरांनी जाळले, होळकरांच्या माणसांचे शिंद्यांनी, हिशेब चोख. पुण्याच्या घरात पानशेतचा पूर असतो, १२ जुलै १९६१. सातारा-सांगलीकडच्या ब्राह्मण घरांत १९४८ची जाळपोळ असते. या तिन्ही आपत्ती खऱ्या, त्यांत गेलेले कागदही खरे. पण ज्या घरात कधीच कागद नव्हते त्याही घरात पानशेतचे पाणी कसे शिरते, हे नकाशावर पाहण्यासारखे आहे.

हे सगळे दरवाजे बंद झाले की वंशज क्षिप्रेवर येतो.

उज्जैनला रामघाट आहे आणि शहराबाहेर भैरवगडाजवळ सिद्धवट आहे. हा वड मोगलांनी तोडून त्यावर लोखंडी तवे ठोकले, तरी तो तवे फोडून वर आला, अशी आख्यायिका पंडे सांगतात. पितरांच्या कार्याला इथे माळव्यातून, राजस्थानातून, गुजरातेतून आणि अर्थात महाराष्ट्रातूनही लोक येतात. पंड्यांच्या बासनांत त्या लोकांच्या वह्या असतात. लांबट, एका कडेला शिवलेल्या, लाल कापडात बांधलेल्या, वरून खाली वाचायच्या. कोण आले, कुठून आले, बाप कोण, आजा कोण, भाऊ किती, मुले किती, आणि खाली आलेल्याची सही.

पंडा पहिला प्रश्न विचारतो, “कौन गाँव?”

“ठाणे.”

“वो तो रहते हो, जजमान. गाँव कौन?”

इथे वंशजाची पहिली दांडी उडते, कारण वह्या गावावार आणि जातवार लावलेल्या असतात. गाव ठाऊक असेल तर पुढचा प्रश्न गोत्राचा. ज्याला गोत्र माहीत नाही त्याने काश्यप सांगावे, अशी शास्त्राने सोय करून ठेवली आहे, आणि शहरी मराठी माणसांनी या सोयीचा इतका लाभ घेतला आहे की काश्यप ऋषींचा संसार अजूनही वाढतोच आहे. मग पंडा शेजारच्या पंड्याला हाक मारतो. तो त्याच्या काकाला फोन लावतो. कारण यजमान ही पंड्यांची वृत्ती, म्हणजे वडिलोपार्जित मिळकत. ती शेतासारखी मुलांत वाटली जाते, कधी विकली जाते, कधी गहाणही पडते. जुन्या काळी क्षेत्रोपाध्यांचे यजमानांवरून तंटे सरकारपर्यंत गेले आहेत. वाटणीत तुमचे गाव थोरल्या शाखेकडे गेले आणि तुमचे चुलत घराणे धाकट्याकडे, असेही होते. आपल्या घराण्यात शेताच्या वाटण्या झाल्या एवढे वंशजाला ठाऊक असते. आपलीही कोणीतरी वाटणी करून घेतली आहे हे त्याला घाटावर कळते.

वही मात्र सापडते. संगणक नाही, सूची नाही, पण दोन-चार बासने सोडून, बोट फिरवत फिरवत पंडा एके ठिकाणी थांबतो तेव्हा भल्याभल्यांचा आवाज बसतो. त्र्यंबकेश्वराला याच वह्यांना नामावळी म्हणतात. हरिद्वारच्या वह्यांची कीर्ती तर इतकी की अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या मॉर्मन पंथीयांच्या वंशावळ संस्थेने त्यांचे मायक्रोफिल्मिंग केले. मॉर्मन लोकांत मेलेल्या पूर्वजांचाही बाप्तिस्मा करता येतो, म्हणून त्यांना पूर्वजांची नावे नेमकी लागतात. गंगेकाठच्या पंड्याला यात नवल वाटायचे कारण नाही. मेलेल्यांची सोय लावून द्यायचा धंदा तो त्यांच्या कितीतरी आधीपासून करतो आहे.

वहीत खापरपणजोबा निघाले की आनंद दोन मिनिटे टिकतो. मग तिथी वाचली जाते. समजा, ‘संवत् १८७२ कार्तिक बदी ५’. वंशज मोबाइल काढून १८७२ हा इसवी सन धरतो आणि त्याच्या हिशेबाने खापरपणजोबा आपल्या मुलाच्याही मागून जन्माला येतात. विक्रम संवतातून ५७ वजा करायचे असतात, म्हणजे १८१५. हे जमले की महिना चुकतो. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्रात अमावास्येला, त्यामुळे वद्य पक्षाला दोन्हीकडे नावे वेगवेगळी पडतात. उज्जैनची कार्तिक बदी पंचमी ही आपली आश्विन वद्य पंचमी. आपला पितृपंधरवडा भाद्रपदात, त्यांचा आश्विनात, दिवस तेच. घरातल्या जुन्या चोपडीत आश्विन आणि वहीत कार्तिक पाहून कित्येक वंशजांनी दोन वेगळे पूर्वज मानले आहेत आणि दोघांचीही श्राद्धे घातली आहेत. जेवायला कोण येते हे कावळ्यांनाच ठाऊक.

विक्रमाचे नाव ज्या संवताला आहे त्या विक्रमाची ही नगरी. जुन्या भारतीय ज्योतिषाची मध्यरेखा उज्जैनवरून जात असे, सवाई जयसिंगाने इथे वेधशाळा बांधली, आणि १९२३ साली माधवराव शिंद्यांनी ती दुरुस्त करवली तेव्हा तिचा कारभार गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाने पाहिला. साऱ्या देशाला वेळ सांगणाऱ्या गावात मराठी माणसाला आपल्या पूर्वजाचे साल लागत नाही, आणि त्यात दोष गावाचा नाही. दोष आपल्याकडे साले फार असण्याचा आहे. पानिपतची लढाई घ्या. एकच दिवस, १४ जानेवारी १७६१. तोच शके १६८२, विक्रम संवत् १८१७, हिजरी ११७४, दक्षिणी फसली ११७० आणि शुहूर सन ११६१. या शेवटच्यात आकडा लिहीत नसत, तर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असा अरबी शब्दांत लिहीत, एक, साठ, शंभर आणि हजार. हे मोडीत, शब्दांमध्ये जागा न सोडता, ऱ्हस्व-दीर्घ एकाच वेलांटीत. म्हणजे देशस्थ कारकून, मराठी मजकूर, अरबी आकडा, मृगाला सुरू होणारे वर्ष, आणि तो पगार मागतो आहे तो मात्र शुद्ध मराठीत.

पगाराचा उल्लेख पुन्हा आला याचे कारण आहे. जुन्या कागदांत सामान्य माणूस ज्या ज्या ठिकाणी दिसतो, तिथे पैसा हजर असतो. त्याने दक्षिणा दिली म्हणून तो पंड्याच्या वहीत आहे. सारा थकवला म्हणून जमाबंदीत आहे. भावाशी बांधावरून भांडला म्हणून महजरात आहे. सांगली-कोल्हापूर आणि पलीकडे कर्नाटकाच्या सीमेवर हेळवी लोक पूर्वी बैलावर बसून घरोघर येत आणि घराण्याची वंशावळ खडाखडा म्हणून दाखवत, ते धान्य घ्यायला येत. सुपात धान्य पडले नाही तर त्या घराची पुढची पिढी हेळव्याच्या बाडात कशी उतरली असती? जो खापरपणजोबा कोणाचे देणे लागत नव्हता, कोणाशी भांडला नाही, वेळेवर सारा भरून घरी निजला, तो सद्गृहस्थ कायमचा बेपत्ता झाला. उलट ज्याने तीन सावकार बुडवले त्याचे अक्षर, त्याची सही, त्याच्या साक्षीदारांची नावे, सगळे सुस्थितीत आहे. घराण्यातले जे पूर्वज सापडतात ते बहुधा याच वर्गातले, पण कुलवृत्तान्तात त्यांना ‘व्यवहारदक्ष’ म्हणतात.

पैसा भरपूर असेल तर माणूस कधीच बेपत्ता होत नाही. तंजावरच्या भोसल्यांनी १८०३ साली आपला सगळा वंशेतिहास मराठीत बृहदीश्वराच्या भिंतीवरच कोरून घेतला. त्यांच्या वंशजाला भिंग लागत नाही, चालायला बूट पुरतात. आता तर गरजही उलटी झाली आहे. पूर्वी पूर्वज आपल्याकडून काही मागत, हल्ली आपण त्याच्याकडे दाखला मागतो. महाराष्ट्रात इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. त्यामुळे गावोगावची जुनी शाळा-रजिस्टरे, कोतवाल बुके, हक्कनोंदी उपसल्या जातात. २०२३ साली मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि पन्नास लाखांहून अधिक नोंदी हाती लागल्या. इतकी वर्षे ज्या मोडी वाचकांना कोणी चहाही विचारत नव्हते त्यांना तहसीलदार स्वतः फोन करू लागले. वर्षानुवर्षे उंदरांनी सांभाळलेली रजिस्टरे पोलिस बंदोबस्तात बाहेर आली. पूर्वजांचे एवढे कौतुक त्यांच्या हयातीत झाले असते, तर त्यांनी कदाचित अक्षर जरा नीट काढले असते.

बायका या सगळ्यात कुठे आहेत? ५१२ होत्या असे गणित सांगते. वहीत त्या ‘माता’, ‘पत्नी’, ‘भावजय’ अशा येतात. लग्नात नाव बदललेले, आडनाव बदललेले, गाव बदललेले, मग गोत्रही बदललेले. एवढी पूर्ण वेषांतराची सोय कोणत्याही गुन्हेगाराला मिळत नाही. विसाव्या शतकात मराठी घराण्यांनी छापायला घेतलेल्या कुलवृत्तान्तांनी निदान माहेरचे नाव आणि आडनाव लिहायची चाल पाडली, हे त्या जाड ग्रंथांचे मोठेच काम. पण इथेही पैशाचा नियम लागू आहे. दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई, कागलकर घाटग्यांच्या कन्या, या उज्जैनच्या कागदोपत्री ठसठशीत दिसतात. त्यांनी शहरात गोपाळ मंदिर बांधले, सावकारी केली, कंपनी सरकारला कर्ज दिले. ज्या बाईने इंग्रजांना कर्ज दिले तिच्याबद्दल इंग्रजांनी पानेच्या पाने लिहिली. ज्यांनी फक्त दीराला चार आणे दिले, त्यांचे नाव दीरानेही लिहिले नाही.

पूर्वजांच्या शोधात उज्जैनच्या एका मराठी माणसाने सगळ्यांवर ताण केली, हे इथेच सांगायला हवे. विष्णू श्रीधर वाकणकर, जन्म नीमचचा, १९१९चा, कर्मभूमी उज्जैन. १९५७ साली भोपाळकडे जाणाऱ्या आगगाडीच्या खिडकीतून त्यांना दूरवर वेगळ्याच आकाराचे खडक दिसले. ते उतरले, चालत गेले, आणि भीमबेटकाची चित्रे असलेल्या गुहा जगापुढे आल्या. २००३ साली त्या जागतिक वारसा यादीत गेल्या. कित्येक हजार वर्षांपूर्वीची माणसे तिथे नाचताहेत, शिकार करताहेत, गव्यापुढून पळताहेत. त्यांचे नाव नाही, गोत्र नाही, दत्तकाची भानगड नाही, आणि सगळ्यांत समाधानाची गोष्ट म्हणजे त्यांच्यातला कोणीही शिंद्यांच्या दरबारात नव्हता. असे पूर्वज एका मराठी माणसाने रेल्वेच्या खिडकीतून शोधले. दोनशे वर्षांपूर्वीचा खापरपणजोबा शोधायला मात्र पेन्शन पुरत नाही.

अर्थात वंशज हार मानत नाही. हल्ली घराण्याचा व्हॉट्सअ‍ॅप समूह असतो. त्यावर सकाळी सुप्रभात, दुपारी वंशावळ, रात्री वाद. कोणी अमेरिकेतून लाळेची चाचणी करून घेतो आणि कळवतो की आपल्यात अमुक टक्के मध्य आशिया आहे. त्यावर कोकणातला काका विचारतो की मग वाड्यात हिस्सा मध्य आशियालाही द्यायचा का. कुलसंमेलन भरते, स्मरणिका निघते, स्मरणिकेला शुद्धिपत्र निघते आणि शुद्धिपत्रात एक संपूर्ण शाखा नव्याने उगवते, कारण ती शाखा संमेलनाला आली पण तिला जेवणाचे कूपन मिळाले नव्हते.

घाटावर मात्र वहीचे काम बाकी असते. जुने वाचून झाले की नवे लिहायचे, हा पंड्याचा रिवाज. तो पेन पुढे करतो. वंशज पाच पिढ्यांच्या सह्या न्याहाळून झालेला असतो, मोडीतल्या, बाळबोधातल्या, एक नुसता अंगठा. खाली तो स्वतःची इंग्रजी सही ठोकतो, जी बँकेलाही दरवेळी वेगळी वाटते. मुलांची नावे लिहितो, एक टोरांटोला, एक बंगळुरूला, ‘गाँव’ या रकान्यात पिनकोड घालतो. पंडा आईचे नाव विचारतो, ते येते. आजीचे विचारतो, तेही येते. मग विचारतो, “आजी का मायका? शादी से पहले का नाम?”

वंशज गप्प होतो आणि फोन लावतो. नाशिकची आत्या ठामपणे सांगते, आजी पूर्वाश्रमीची यमुना, माहेर पैठणचे. तिला वाक्य पुरे करू न देता मागून दुसरी आत्या ओरडते, यमुना नव्हे, गोदावरी, आणि माहेर पैठणचे नव्हे, वैजापूरचे. पैठणच्या त्या पहिल्या आजी, बाळंतपणात गेलेल्या. पहिली आजी म्हणजे कोण, असे वंशज विचारतो. यावर फोनवर बराच वेळ दोन्ही आत्या एकमेकींशीच बोलत राहतात. पंड्याने तोवर दोन्ही नावे लिहून घेतलेली असतात, आणि तिसऱ्यासाठी थोडी जागा सोडलेली असते.